बुधवार, तिसरा तास

प्रश्न १. आज सुट्टी आहे का?

वहीत हे लिहिलं तेव्हा वर्गात एकवीस बाकं होती आणि मी एकटी. युनिफॉर्मला यम्माने, माझ्या आईने, पहाटे उठून इस्त्री केली होती. सुदानमधल्या ओम्दुर्मानहून कैरोला येऊन आम्हांला चार महिने झाले होते. लढाई सुरू झाल्यापासून दीड वर्षात मी भौतिकशास्त्राचं एक पान उलटलं नव्हतं, आणि जूनमध्ये शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. भौतिकशास्त्र गेलं की वर्ष गेलं.

उत्तर शिपाई शेहाताकाकांनी दिलं, ताआमियाच्या वड्याचा घास तोंडात ठेवून. "सुट्टी कसली, डॉक्टरीणबाई? शाळा चालू आहे. पोरी येत नाहीत, एवढंच."

सुट्टी नाही. (खाली दोन रेघा.)

प्रश्न २. मग पोरी कुठे असतात?

"सेंटरला. खाजगी शिकवणीला."

"तिथे शिकवतं कोण?"

"इथलेच सर."

"मग ते इथे का नाही शिकवत?"

"कुणाला शिकवणार? पोरी तर सेंटरला!"

मी हे उत्तर वहीत वरून खाली लिहिलं, मग खालून वर वाचलं. दोन्हीकडून बरोबर येत होतं.

घरी सांगितलं तर यम्माने चमचा आपटला. ती तिकडे पंधरा वर्षं शाळेत शिकवत होती. "वर्ग रिकामा? मग तू जास्त ऐकशील. एक दिवस चुकवायचा नाही! अकरा दिवस सीमेवर धूळ खात बसले, ती काय तुला घरी लोळायला?"

"यम्मा, पण ऐकू कुणाला?"

ती मसूर निवडत राहिली.

प्रश्न ५. (३ आणि ४ खोडलेत, ते रागाचे होते.) सेंटरला कसं जायचं?

चालत. फैसल रस्त्याच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. दारातल्या मुलीने मला वरून खाली पाहिलं. "बाई गं, युनिफॉर्म? शेवटच्या वर्षाला युनिफॉर्म कोण घालतं?"

आतल्या पोरी हसल्या. माईकवर कुणीतरी ओहमचा नियम ओरडत होतं. मी जागा मागितली.

"जागा जुलैतच संपल्या, हबीबती. जुलैत कुठे होतीस?"

सीमेवर, बसमध्ये होते. पण हे तिला सांगितलं नाही.

प्रश्न ६.

(इथे बरेच दिवस कोरं पान.)

शाळेत वर्गाच्या भिंतीवर वेळापत्रक होतं, काचेत, कुणीतरी रंगीत पेनाने आखलेलं. बुधवार, तिसरा तास: भौतिकशास्त्र. त्या बुधवारी मी पहिल्या बाकावर वही उघडून बसले. तिसऱ्या तासाला गिरगिस सर आले. उभ्याउभ्या हजेरीवर सही करून निघायचं, अशी त्यांची सवय. मी उठून उभी राहिले. ते दचकले.

"तू कोण?"

"तसाबीह. तुमचा तास आहे, सर."

"कसला तास?"

मी काचेकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि खो खो हसले. "वेळापत्रक! शेहाता, ऐकलंस? पोरगी वेळापत्रक वाचते!"

"वाचू दे की," दारातून शेहाताकाका म्हणाले. "खडू आणू?"

सरांनी घड्याळ पाहिलं. हजेरीवर एक्केचाळीस पोरी हजर होत्या, सगळ्या एकाच शाईत. माझं नाव सगळ्यात खाली, पेन्सिलीने. सरांनी ते बघितलं आणि हात पुढे केला. "आण."

ओहमचा नियम. तोच आवाज, गिरणीवरचा. माईक नव्हता तरी ते दोनशे जणींसाठी ओरडत होते. एका जागी म्हणाले, "रोध म्हणजे सासू, येणाऱ्याला अडवते," आणि थांबले. सेंटरला तिथे हॉल हसत असावा. इथे शेहाताकाका हसले, उशिरा.

मी हात वर केला.

सर त्या हाताकडे बघत राहिले. "काय, बाहेर जायचंय?"

"नाही. विचारायचंय. पुस्तकात म्हटलंय, तारेतले कण गोगलगायीपेक्षाही सावकाश सरकतात. मग बटण दाबल्याबरोबर दिवा कसा लागतो?"

"परीक्षेत येत नाही."

"येत नाही. पण लागतो ना."

त्यांनी वर बघितलं. दिवा बंदच होता. शेहाताकाकांनी बटण दाबून दाखवलं. लागला. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

"बस कर रे!" सर पहिल्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसले. खडू बोटांत फिरवला. "कण आधीच तारभर असतात... म्हणजे... थांब. हे नीट सांगायला हवं. हॉलमध्ये कुणी विचारतच नाही." खडूकडे बघत म्हणाले, "विचारायला वेळच कुठे देतो मी."

घंटा झाली. कुणासाठी झाली, कोण जाणे.

त्यांनी हजेरी ओढली, खिशातलं पेन काढून माझ्या नावावर शाई फिरवली आणि समोरच्या रकान्यात, हजर लिहायच्या जागी, बारीक अक्षरात लिहिलं: दिवा कसा लागतो?

"बुधवारी," ते म्हणाले. "तिसरा तास."

मी तोच प्रश्न वहीत, प्रश्न ६ च्या कोऱ्या पानावर लिहिला. उत्तराला अर्धं पान मोकळं सोडलं.