सगळ्या छोट्या जादूगारांचा एकच झगा

मी झगा बोलतोय. दचकू नका, आत कोणी नाही. थॉर्नबेक गावात डोरीनच्या घरी, जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्युम क्लीनरच्या शेजारी मी टांगलेला असतो. काळा, जाडजूड, ऐसपैस बाह्यांचा, अंगभर पिवळे तारे. या गावात जेवढे म्हणून छोटे जादूगार होऊन गेले, ते सगळे माझ्याच गळ्यातून डोकं बाहेर काढून गेले. बढाई मारत नाही. खोटं वाटत असेल तर माझी कॉलर उलटून बघा.

जन्माने मात्र मी पडदा. लढाईच्या काळात विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडकीवर काळं कापड लावायची सक्ती होती, तेच मी. डोरीनच्या आईच्या, विनिफ्रेडच्या स्वयंपाकघरात माझी नेमणूक झाली. संध्याकाळ झाली की गस्तीवाला रस्त्यातून ओरडायचा, "विनिफ्रेडबाई, डाव्या कोपऱ्यातून उजेड दिसतोय!"

"दिसतोय ना? मग आत ये आणि भांडी घास!" विनिफ्रेड आतून ओरडायची.

लढाई संपली तशी लोकांनी काळे पडदे ओरबाडून काढले आणि नाचत नाचत जाळले. विनिफ्रेडने मला घडी घालून ठेवलं. "चांगलं कापड आहे, कशाला तरी होईल," ती म्हणाली. त्या घरात या एका वाक्यावर फुटके कप आणि तुटक्या छत्र्यासुद्धा जगल्या.

आणि झालंच की! नाताळात गावच्या सभागृहात दरवर्षी धमाल नाटक असतं. त्यात छोट्या डोरीनला जादूगाराच्या चेल्याचं काम मिळालं. विनिफ्रेडने मला कापलं, शिवलं, धूळ पुसायच्या पिवळ्या फडक्याचे तारे करून लावले. "हात वर!" ती म्हणाली. डोरीनने हात वर केले, मी वरून खाली घसरलो आणि तिचं डोकं गळ्यातून टपकन बाहेर आलं. अहो, काय सांगू तुम्हाला! आयुष्यभर खिडकीकडे तोंड करून उभं राहिलेल्याला पहिल्यांदा आत धडधडणारं काळीज मिळालं. मी तर वेडाच झालो. त्या नाटकात मी इतका फडफडलो की दोन मेणबत्त्या विझल्या.

इथल्या शाळेतल्या पोरांच्या प्रत्येक कपड्यात त्यांच्या आया पोराचं नाव लिहिलेली पट्टी शिवतात, नाहीतर मोजे हरवतात. विनिफ्रेडने माझ्याही कॉलरमध्ये डोरीनच्या नावाची पट्टी शिवली. पुढे रीतच पडली. जो मला घालून जादूगार होईल, त्याचं नाव कॉलरमध्ये.

मग डोरीनचा भाऊ आला, शेजारची पोरं आली, डोरीनचा मुलगा क्लाइव्ह आला. दर वेळी नव्या पुस्तकातला जादूगार. दर वेळी पोरगं मला चढवताना बजावणार, "असा जादूगार आजवर झालाच नाही!" मी आपला गप्प. मला काय, आतून सगळं सारखंच लागतं. पोरगं अनाथ असणार. कुठल्यातरी खडूस मावशीच्या माळ्यावर झोपत असणार. मग एक दाढीवाला म्हातारा येऊन सांगणार, बाळा, तू साधासुधा नाहीस. मग शाळा, मग मित्र, मग एक पक्षी, आणि शेवटी एक काळाकुट्ट शत्रू, जो निम्मा आपल्याच सावलीसारखा निघतो.

हे आजचं नाही बरं का. विनिफ्रेड मला इस्त्री करता करता तिच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगायची. जमिनीखाली एक काळी शाळा होती म्हणे, जादूची. तिचा मास्तर फार दुष्ट. जो विद्यार्थी सगळ्यात शेवटी बाहेर पडेल, त्याला तो ठेवून घ्यायचा. एक हुशार पोरगा मुद्दाम शेवटी थांबला. झगा नुसता खांद्यावर टाकून दारातून निघाला. मास्तरने मागून झडप घातली, तर पोरगं पसार आणि हातात रिकामा झगा! विनिफ्रेड हसायची. मी मात्र त्या झग्याला माझा खापरपणजोबा मानतो.

आता खरी गोष्ट ऐका. डोरीनची नात हेटी आणि पलीकडच्या घरातला जुनेद. बालवर्गापासून जिवलग. एकाला पडसं झालं की दुसरा शिंकणार. मार्चमध्ये शाळेत पुस्तकांचा दिवस असतो. त्या दिवशी ज्याने त्याने आवडत्या पुस्तकातलं कोणीतरी बनून यायचं. ही दोघं नेहमी जोडीने जायची. पण हा त्यांचा शेवटचा पुस्तकांचा दिवस होता. सप्टेंबरात हेटी टेकडीपलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार होती आणि जुनेद शहरात फुफीकडे, म्हणजे आत्याकडे. नेमकं तेव्हाच दोघांनाही जादूगार व्हायचं होतं, आणि झगा तर एकच. मी!

डोरीनच्या स्वयंपाकघरात चहा उकळत होता आणि ही दोघं माझी एकेक बाही धरून उभी होती.

"टॅन्सी आधीची आहे," हेटी म्हणाली. टॅन्सी म्हणजे तिच्या पुस्तकातली जादूगारीण. "तुझ्या त्या एल्डोने सगळं तिचंच ढापलंय. टॅन्सी अनाथ आहे."

"एल्डो पण अनाथच आहे!"

"तेच म्हणतेय मी! टॅन्सीकडे डोमकावळा आहे."

"एल्डोकडे घुबड आहे. घुबड वेगळं."

"पंख आहेत ना? झालं तर!"

"अगं, आईबाप जिवंत असते तर कानटोपी घाल, दूध पी, लवकर घरी ये, असं करत बसले असते," डोरीन मध्ये पडली. "पोरं जादू कधी करणार? लिहिणाऱ्यांचाही नाइलाज असतो."

"आणि दोघांचे गुरू ऐन लढाईच्या वेळी गायब होतात ते?" हेटी म्हणाली.

"माझ्या लहानपणच्या पुस्तकातलाही व्हायचा. तेव्हा राग यायचा. आता कळतं. म्हाताऱ्या माणसाला सारखं बाथरूमला जावं लागतं."

पण आज कोणी हसायला तयार नव्हतं. "चोराचं पुस्तक वाचणारा चोर," हेटी म्हणाली. जुनेदचा चेहरा पडला. "तू माझी मैत्रीणच नाहीस," तो म्हणाला. बापरे! मी लढाई पाहिलेला कपडा, पण एवढा हादरलो नव्हतो.

डोरीनने चहाचा कप ठेवला आणि खणातून विनिफ्रेडची मोठी कात्री काढली. "बास झालं. कापड भरपूर आहे. मधोमध कापते. दोन छोटे झगे होतील, दोघांना एकेक."

तिने मला टेबलावर पसरलं. कात्री उघडली, तिचा थंडगार दात माझ्या काठाला लागला. ओरडावं तर तोंड नाही, पळावं तर पाय नाहीत! माझं काय होईल ते होवो, पण कॉलर? सगळ्या पोरांची नावं तिथे. अर्धी इकडे, अर्धी तिकडे?

"थांब!" दोघं एकदम ओरडली.

"जुनेदलाच दे," हेटी म्हणाली.

"नको आजी, तिला द्या. तुमच्या घरचा आहे."

"मी म्हणतेय ना, तू घे!"

"मी घेणार नाही म्हणजे नाही!"

"मग मीही नाही!"

आणि दोघं पुन्हा भांडून, पाय आपटत गेली. या माणसांचं हे असंच आहे. दारात दोघे भेटले की 'आधी तुम्ही', 'छे छे, आधी तुम्ही' करत पावसात भिजतील, पण आत शिरणार नाहीत. घेण्यावरून एक वेळ समजूत निघते, देण्यावरून निघत नाही.

पुस्तकांचा दिवस उजाडला. हेटीने गुपचूप मला दोन घरांमधल्या दगडी भिंतीवर ठेवलं. जुनेद बघेल आणि घेऊन जाईल, असा तिचा हिशेब. थोड्या वेळाने जुनेद आला. माझ्यावर हात फिरवला, जरा घुटमळला आणि पुढे गेला. हेटी न्यायला येईल, असा त्याचा हिशेब. राहिलो मी भिंतीवर! शेवटचा दिवस, दोघंही माझ्यावाचून शाळेत, आणि मला बघायला कोण, तर मेंढ्या. त्यातली एक जवळ आली आणि चक्क माझा एक तारा चावायला लागली.

"सोड, मेले! सोड! जादूगार आहे तो!" डोरीन घरातल्या सपातांतच धावत आली. मेंढी एका बाजूने ओढते, डोरीन दुसऱ्या बाजूने. तारा मेंढीने जिंकला. काय झालंय ते डोरीनच्या लगेच लक्षात आलं. "गाढवं! दोन्ही गाढवं!" असं म्हणत तिने मला काखोटीला मारलं आणि शाळेकडे धूम ठोकली. गुडघे करकरत होते, सपाता फटफटत होत्या आणि मी तिच्या मागे झेंड्यासारखा! या वयात असं सुख, मी तर हवेतच होतो.

शाळेचं सभागृह जादूगारांनी गच्च भरलं होतं. सगळ्यांचे झगे दुकानातले, ते मी जादूगारांत धरत नाही. मुख्याध्यापक पिकर्सगिल सर स्वतः कापसाची दाढी लावून आले होते. जादूगार नव्हतं असं एकच पोरगं. त्याची आई हा दिवस विसरली होती, आणि तिने ऐन वेळी त्याला चांदीचा कागद गुंडाळून भाजलेला बटाटा म्हणून पाठवलं होतं.

आणि हेटी? हेटीने कचऱ्याची काळी पिशवी घातली होती, डोक्याला आणि हातांना भोकं पाडून. समोरच्या रांगेत जुनेद. तीच कचऱ्याची काळी पिशवी, तशीच भोकं!

"तू... तू माझी पिशवी ढापलीस!" हेटी म्हणाली.

"मी कुठे ढापली? मला दुसरं काही सुचलंच नाही."

"मला पण नाही."

मग जुनेदच्या नाकातून एक फुर्रकन आवाज आला आणि दोघं अशी हसत सुटली की पिशव्या टराटरा फाटल्या.

"चोर म्हटलं ना मी तुला," हेटी हसता हसता रडायलाच लागली. "माफ कर रे."

"मी पण काहीतरी बोललो. खरं नव्हतं ते."

डोरीन धापा टाकत पोचली. "नाताळच्या नाटकात घोड्याच्या एकाच सोंगात दोघं जण मावतात ना? मग झग्यात का नाही? चला, हात वर!"

चारही हात वर झाले. मी घसरलो. आत नुसती गुदगुल्या-ढकलाढकली. माझ्या गळ्यातून आधी हेटीचं डोकं आलं, मग जुनेदचं, आणि माझी कॉलर टर्रकन उसवली. उसवू दे! दोन काळजं एकदम धडधडत होती, आणि कुठलं कोणाचं ते मला ओळखता येत नव्हतं.

पिकर्सगिल सर दाढी सावरत समोर आले. "अरे वा! दोन डोक्यांचा! हा कुठल्या पुस्तकातला?"

"टॅन्सी सांग ना," जुनेद कुजबुजला.

"नको, एल्डो सांग," हेटी कुजबुजली.

मग दोघं एकदम म्हणाली, "अजून लिहिलेलं नाही, सर!"

बक्षीस बटाट्याला मिळालं.

उसवलेली कॉलर डोरीनने दोघांच्या नावांच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून त्या पट्ट्यांनीच सांधून टाकली. सप्टेंबरात हेटी निघाली तेव्हा कपाटात डोकं घालून मला म्हणाली, "जाते रे." त्याच दिवशी जुनेद आला. माझ्या रिकाम्या बाहीत हात घालून बराच वेळ उभा राहिला. बाही ओली झाली. मलाही रडू आलं असतं, पण सुती कापडाला ते झेपत नाही, वास येतो.

काळ्या शाळेतला पोरगा निसटून गेला आणि झगा मागे राहिला, ही गोष्ट मी लाख वेळा ऐकली होती. त्या झग्याला वाईट वाटलं असेल का, हे मात्र विनिफ्रेडने कधी सांगितलं नाही. आता मला माहीत आहे. वाटतं, खूप वाटतं. पण पोरगं निसटलं हा आनंद त्याहून मोठा असतो.

तुमच्या घरात कोणी पुस्तकात नाक खुपसून बसलं असेल आणि 'असा जादूगार आजवर झालाच नाही' म्हणत असेल, तर त्याला हसू नका. म्हणा, हो रे बाबा, नाहीच झाला. आणि त्याला माझ्याकडे पाठवा. एक तारा कमी आहे, पण कॉलरमध्ये अजून जागा आहे.

चला, हात वर!