जवाईबुवांचं लायसन

भिकनला जावयाचा मनापासून तिटकारा होता. अकरा वर्षं सुरतेतल्या लिंबायतच्या रस्त्यांवर रिक्षा फिरवलेल्या त्या गड्याला, कापडाच्या कारखान्यात लूमपुढे उभं राहून तुटके धागे जोडणारा वाल्मिक हा माणूसच वाटत नसे. त्यात चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात कारखाना बंद पडला आणि हे महाशय बायकोसकट सासऱ्याच्या खोलीत येऊन बसले. लेकीचं, वर्षाचं, उतरलेलं तोंड बघून भिकनने शब्द दिला. लायसन काढा, दुपारनंतर रिक्षा तुमची. सकाळ मात्र आपली. रिक्षा हीच त्याची इभ्रत होती. ती अर्धी सोडणंसुद्धा त्याच्या जिवावर आलं होतं.

शिकवायचं भिकननेच, आणि तिथेच घोडं अडलं. खानदेशी माणूस जावयाला अरे-तुरे करत नाही, शिवीची तर गोष्टच सोडा. आणि शिवीशिवाय रिक्षा शिकवतात कशी, हे भिकनला ठाऊक नव्हतं. गोडादऱ्याच्या मैदानात वाल्मिकने रिक्षा थेट बाभळीत घातली, तरी सासरा दात विचकून म्हणाला, "काही हरकत नही, जवाईबुवा. क्लच जरा हयूहयू सोडा." मनातल्या मनात मात्र त्याने जावयाच्या सात पिढ्या उद्धरल्या.

वाल्मिकने कुठूनशी नियमांची पुस्तिका आणली होती. ओट्यावर बसून, कोणत्या वळणाला हात कसा बाहेर काढायचा, याची तो शाळेतल्या पोरासारखी घोकंपट्टी करी. भिकनला त्या पुस्तिकेची किळस यायची. सुरतेचा रिक्षावाला वळताना पाय बाहेर काढतो, मागच्याला समजतं, संपलं! हँडलवरचा हात सोडायचा कशाला?

परीक्षेच्या दिवशी भिकन मुद्दाम बरोबर गेला. जावई नापास होणार याची त्याला खात्री होती, आणि तो सोहळा त्याला चुकवायचा नव्हता. आरटीओच्या मैदानात चुन्याने आठचा आकडा आखला होता. वाल्मिक घामाघूम होऊन, मुंगीच्या पावलांनी तो आठ काढून आला. प्रत्येक वळणाला हात बाहेर. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने मान डोलावली आणि कागदावर सही केली.

"इसको सिखाया किसने?" साहेबाने विचारलं.

"मैंने, साब!" भिकन छाती फुगवून पुढे झाला. फुकटचं श्रेय कोण सोडतो?

"तो सिखानेवाले का लायसन दिखाओ."

भिकनने खिशातून घड्या पडलेलं, पिवळं लायसन काढलं. साहेबाने तारीख वाचली आणि तो हसला. मुदत संपून सहा वर्षं झाली होती. पाच वर्षं उलटली की परीक्षा नव्याने द्यावी लागते, हे भिकनच्या गावीही नव्हतं. लायसन एकदा काढलं की जन्माचं, लग्नासारखं, अशी त्याची समजूत.

"चलो काका, आप भी आठ बनाओ. पास हुए तो फॉर्म आज ही ले लूँगा."

भिकनला हसूच आलं. बिडी विझवून, वाल्मिककडे तुच्छतेने बघत तो ऐटीत रिक्षात बसला. झपाट्यात आठ काढला, एका रेघेला चाक लागलं नाही. आणि दोन्ही वळणांना रुबाबात बाहेर आला तो पाय.

मैदानभर हशा पिकला. "काका, फेल," साहेब म्हणाला. "कच्चा लायसन निकालो, महीने बाद आओ. और रिक्षा अब ये ले जाएगा, आप नहीं."

परतताना भिकन मागे, सवारीच्या जागी बसला. वाल्मिकने गिअर टाकताना दोनदा गचका दिला. ओठांवर आलेली शिवी भिकनने गिळली. लेकीचा संसार आता मार्गी लागणार होता, बापाला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्याची लाज वाटली, पण तीही भेस्तानचा फाटा येईपर्यंतच.

वर्षा दारातच उभी होती. "व्हयनं का?"

"व्हयनं," वाल्मिक म्हणाला. "मामासनी शिकाडं, मंग काय!"

साहेबाबद्दल, पायाबद्दल, हशाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. सासऱ्याचा मान राखला. भिकनला हायसं वाटलं. मग जावयाने रिक्षाची चावी स्वतःच्या खिशात टाकली आणि अगदी अदबीने म्हणाला, "आजपासून मामा आराम करतीन. सकायबी रिक्षा मीच चालावसू. बरोबर ना, मामा?"

नाही म्हटलं असतं, तर मैदानातलं सगळं लेकीसमोर बाहेर आलं असतं. लेक कौतुकाने बापाकडे बघत होती.

"हो ना, जवाईबुवा," भिकन म्हणाला. "मीच सांगणार व्हतू."