टेलरीणबाईची डबी

"चकाचक, टेलरीणबाईची डबी आणा हो!" डॉक्टरांनी हाक मारली आणि आया फ्रीजरपाशी जाऊन नुसतीच उभी राहिली.

वॉर्डात तिला सगळे चकाचकच म्हणत. कुठे डाग दिसला की बाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती डबी भरून घेतली होती तिनेच. अस्थिमज्जा बदलण्याआधी त्या टेलरीण पोरीची विष्ठा गोठवून ठेवायची. पुढे औषधांच्या माऱ्यात पोटातले चांगले जंतूही मेले, तर तिचेच तिला नळीने परत द्यायचे, असा बेत.

"नाक काय मुरडता मावशी, सोनं आहे माझं ते!" पोरगी तेव्हा म्हणाली होती. शिवणकाम करणारी ती. नजर सदा कपड्यांवर. "आणि हा गणवेश काखेत किती आवळलाय! बरी झाले की ढिला करून देते."

मग वॉर्डाची तपासणी आली. मोठ्या सिस्टरांनी फर्मावलं, फ्रीजर लख्ख हवा. चकाचकने डबी टेबलावर काढली, गरम पाणी ओतून बर्फाचे थर पाडले, कोपरान् कोपरा घासला, जेवून आली, आणि डबी पुसून परत जागेवर ठेवली. साहेबलोकांनी वाहवा केली. बाई दिवसभर हवेत होती.

आणि आज सकाळी लादी पुसताना तिने डॉक्टरांचं बोलणं ऐकलं. ते पोरीच्या आईला सांगत होते, "चांगले जंतू गेले, वाईटांनी ठाण मांडलंय. आता भिस्त त्या डबीवर. गोठलेत म्हणून ते जंतू टिकलेत. मध्येच वितळले असते, तर संपलंच होतं."

चकाचकने फडकं तिथेच टाकलं. तिने धावत जाऊन मोठ्या सिस्टरांना गाठलं, सगळं सांगितलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलूही नकोस. तुझी नोकरी जाईल, माझी जाईल. सांगून काय ती डबी जिवंत होणारे?"

आता डबी हातात होती. बोल की मेले, बोल, असं ती स्वतःलाच म्हणत होती. आणि तिने डबी डॉक्टरांपुढे धरली.

"नीट होती ना हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"होती साहेब."

पोरगी उशीवरून कशीबशी हसली. "आलं का माझं सोनं?"

पुढे ती तापाने फणफणली, पोट धरून ओरडली, ओरडायचंही त्राण संपलं, आणि गेली. शरीराने साथ दिली नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आईने चकाचकचा हात धरला. हाताला फिनेलचा वास येत होता. तोच हात तिने डोळ्यांना लावला. "पोटच्या पोरीसारखं केलंत हो तुम्ही."

"खोली लगेच लागणार आहे हां," सिस्टर दारातून म्हणाल्या.

चकाचकने फडकं पिळलं. पलंगामागची भिंत पुसायला हात वर केला, तसा गणवेश काखेत आवळला. तिने हात आणखी वर ताणला आणि भिंत पुसत राहिली.