ऐकणारा कर्णा

मित्रांनो, जरा मान वर करून पाहा. चौकातल्या त्या खांबावर एक गंजलेला, पोचे पडलेला पत्र्याचा कर्णा लटकतो आहे ना? तोच मी. मी एक जुना कर्णा आहे. माझ्या तोंडात चिमण्यांनी काड्या भरल्या आहेत. माझी तार मध्येच तुटून वाऱ्यावर हलत असते. मी मुका झालो आहे असं सगळे समजतात, आणि ते खरंही आहे. पण मी बहिरा झालेलो नाही, आणि तीच माझी पंचाईत होऊन बसली आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा ठोकून, वळवून आम्हा दोघा जुळ्या भावांना एकाच दिवशी घडवलं. आमच्या पोटात तारेचं वेटोळं, एक लोहचुंबक आणि पापणीइतका पातळ पडदा बसवला. कारागिराने मला बोटाने टिचकी मारली आणि तो म्हणाला, "हा दोन गल्ल्या जागवेल!" ही माझी पहिली शाबासकी. ती मी अजून विसरलेलो नाही.

आम्हाला या चौकातल्या माईकच्या दुकानदाराने विकत घेतलं. मला खांबावर चढवलं आणि भावाला दुकानातल्या फळीवर ठेवलं, म्हणजे बाहेर आवाज कसा जातो आहे ते आत बसून कळावं. पुढे तो दुकानदार गेला आणि त्याच्या मुलीने दुकान हाती घेतलं. सगळा चौक तिला ताई म्हणायचा. तिच्या वडिलांच्या वयाचे लोकही ताईच म्हणायचे. सभा कुणाचीही असो, कार्यक्रम कसलाही असो, आधी तिचा आवाज माझ्यातून बाहेर पडायचा: "हॅलो, हॅलो. आवाज येतोय का मागे?" मागून कुणीतरी ओरडायचं, "येतोय, ताई!" मगच पाहुणे बोलायला उठायचे. ताईने स्वतः कधी भाषण केलं नाही. ती म्हणायची, "मी आवाज लावते. बोलायचं काम तुमचं."

आमच्या दुकानासमोर एक शिवणकामाचं दुकान होतं. तिथल्या काकू ताईपेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या होत्या आणि तोंडाने त्याहून मोठ्या. कुणाचा झगा बिघडला तरी चूक झग्याचीच, असा त्यांचा खाक्या होता. दुपारी दोघी दुकानं अर्धी ओढून घ्यायच्या आणि डबे एकत्र उघडायच्या. काकू बोलायच्या, ताई हसायची. ते हसू ऐकत माझ्या उन्हातल्या दुपारी छान जायच्या. माझे ते सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

आता एक गुपित सांगतो. कर्णा फक्त बोलतो असं तुम्हाला वाटतं. पण कर्ण्याला ऐकताही येतं. माझी तार आवाज मोठा करणाऱ्या मशीनच्या, आवाज बाहेर सोडणाऱ्या भोकात खुपसली की मी तोंड होतो. तीच तार माईकच्या भोकात खुपसली की माझा पडदा खालच्या आवाजाने थरथरतो आणि मी कान होतो. दोन्ही भोकं मशीनवर शेजारी शेजारी असतात. घाईत काम अडू नये म्हणून ताईने सगळ्या तारांना सारख्याच पिना लावल्या होत्या. गोंधळ होऊ नये म्हणून तोंडाच्या तारांना जांभळी पट्टी आणि कानाच्या तारांना पिवळी पट्टी बांधली होती. कितीतरी वर्षं त्या पट्ट्यांनी तिचा हात चुकू दिला नाही.

मग ती निवडणूक आली.

देशाच्या सर्वात मोठ्या खुर्चीसाठी एक बाई उभी राहिली. त्या खुर्चीवर आजवर एकही बाई बसली नव्हती. त्यातून ही बाई त्या लोकांपैकी होती, ज्यांची घरं आमच्या गावात शोधावीच लागतात. ताईचं घर त्यांतलंच एक. ही गोष्ट चौकात सगळ्यांना ठाऊक होती, पण पावसात भिजलेल्या माणसाला कुणी "तू ओला आहेस" असं सांगत नाही, तसा तिचा उच्चार कधी झाला नव्हता. आता मात्र जो तो ताईकडे टक लावून पाहू लागला.

बाईच्या विरोधातल्या पक्षाचा चौकातला पुढारी टोपी घालायचा, म्हणून त्याला सगळे टोपीवाले म्हणत. बाईच्या पक्षाचा पुढारी उन्हाळ्यातही गळ्यात मफलर गुंडाळायचा, ते मफलरवाले. दोघांच्याही सभा चौकातच व्हायच्या आणि दोघांनाही माईक ताईचाच लागायचा.

टोपीवाले दुकानाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "यावेळी आवाज तपासायला आमचा माणूस बोलेल. तुम्ही नको. लोकांना उगीच वेगळं वाटतं."

"लोकांना काय वाटतं?" ताईने विचारलं.

"ते तुम्हाला जास्त माहीत," असं म्हणून ते निघून गेले.

मफलरवाले तर थेट आत आले आणि हात जोडून उभे राहिले. "मॅडम, आमच्या सभेत तुम्ही बोलायचंच. नुसत्या उभ्या राहिलात तरी चालेल. लोकांनी तुम्हाला बघितलं पाहिजे."

"अहो, मला रोजच बघतात की लोक."

"तसं नाही हो, मॅडम. आता बघितलं पाहिजे."

ताईने दोघांनाही नाही म्हटलं. दोघांचेही चेहरे सारखेच आंबले. पुढच्या खेपेला टोपीवाल्यांच्या नजरेस ती जांभळी पट्टी पडली. जांभळा म्हणजे बाईच्या पक्षाचा रंग! मफलरवाल्यांना पिवळी खुपली, कारण पिवळा टोपीवाल्यांचा. वाद नको म्हणून ताईने दोन्ही पट्ट्या सोडून टाकल्या. मित्रांनो, पुढचं सगळं त्या दोन चिंध्यांमुळे घडलं.

त्या दिवसांत चौकाला काय झालं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दुकानाच्या दारावर कुणीतरी बाईचं चित्र चिकटवलं. सकाळी पाहावं तर त्या चित्राचे डोळे खरवडलेले. त्यावर दुसरं चित्र लागायचं, पुन्हा डोळे जायचे. चित्रांवर चित्रं चढून दार फुगल्यासारखं दिसू लागलं. बाईचा चेहरा लांबोडका, ताईचा गोल वाटोळा. दोघींत साम्य म्हणाल तर शपथेला नाही. पण दाराशी थांबून लोक एकदा चित्राकडे आणि एकदा ताईकडे पाहायचे आणि म्हणायचे, "तेच नाक!" वाण्याच्या दुकानात काही जण तिला रांगेत पुढे करायचे, आणि काही जण ती आली की रांगच सोडून जायचे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला अडवून हळूच विचारलं, "तुम्ही आमच्याबद्दल काय ठरवलंय?" ताईला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांचे ओठ थरथरत होते. आणि एक गोष्ट मी वरून रोज मोजत होतो. तिला ताई म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. काकूंचं दुकानही दुपारी पूर्ण बंद राहू लागलं.

असंच एकदा टोपीवाल्यांची सभा आटोपून ताईने घाईघाईने तारा बदलल्या. तारांवर खूण नव्हती. माझी पिन चुकून माईकच्या भोकात गेली.

ताई एकटीच डबा उघडून बसली होती. माईक पेटीत बंद होता. आणि फळीवरचा माझा भाऊ कुजबुजू लागला. तिच्या हातातला घास तसाच राहिला. दुकानात तर कुणीच नव्हतं! मग तिला आवाज ओळखू आले. माझ्या खांबाखाली सावली पडते, तिथे लोक गप्पा मारायला थांबतात. तेच लोक आता तिच्या फळीवरून बोलत होते.

"ती खुर्चीवर बसली की ही आपल्या मानगुटीवर बसणार," टोपीवाले म्हणत होते.

थोड्या वेळाने मफलरवाले: "हरलो तर हिच्यामुळे हरलो म्हणायचं. चार शब्द बोलायला जीभ झिजत होती का तिची?"

मग दोघांचे आवाज एकत्रच आले. एकाने दुसऱ्याकडे काडेपेटी मागितली. "दिसते मात्र हुबेहूब तशीच," एक जण म्हणाला. "हुबेहूब," दुसऱ्याने री ओढली. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

आणि शेवटी कुणीतरी विचारलं, "काय हो काकू, तुमची तर ती जिवाभावाची मैत्रीण ना?"

काकूंच्या चपला थांबलेल्या मी ऐकल्या. "माझी कुठली मैत्रीण?" काकू म्हणाल्या. "समोर दुकान आहे, एवढंच."

मला त्या वेळी तोंड मिटता आलं असतं तर! पण कर्ण्याला झाकण नसतं, मित्रांनो. जे आलं ते सगळं मी खाली पाठवलं. ताईने पिन काढली नाही. दिवे लागेपर्यंत ती माझ्या भावासमोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पिन कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिने ती तिथेच राहू दिली. सभेपुरती काढायची आणि पुन्हा खुपसायची. ती जेवेनाशी झाली. चौकात कुणी तिला हसून नमस्कार केला की ती त्याच्या तोंडाकडे न पाहता वर माझ्याकडे पाहायची. मग एक दिवस ती तारांची वेटोळी खोक्यांत भरू लागली. दूरच्या गावी तिचा भाऊ होता, त्याच्याकडे कायमचं जायचं तिने ठरवलं होतं. निकालाचं काम तेवढं तिने आधीच घेतलं होतं. ते उरकलं की निघायचं.

निकालाच्या दिवशी अख्खा चौक माणसांनी भरला. निकाल माझ्यातून ऐकवायचा होता. एका बाजूला टोप्या, दुसऱ्या बाजूला मफलर. आणि ऐन वेळी, निकाल यायला क्षणभरच उरला असताना, माझ्याकडे लागलेल्या सगळ्या माना फिरल्या. दोन्ही बाजूंची माणसं ताईच्या दुकानाकडे तोंड करून उभी राहिली. कुणी खोकलंसुद्धा नाही. लहान मुलंही गप्प होती. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी जन्मात पाहिली नव्हती. माझा पत्रा गार पडला.

"बोला," एका बाजूने कुणीतरी म्हणालं.

"बोला," दुसऱ्या बाजूनेही आलं. मग सगळेच एका सुरात हळूहळू म्हणू लागले, "बोला... बोला..."

ताई उठली. तिने माईक घेतला नाही. माझ्या जुळ्या भावाला फळीवरून उचलून तिने दारात आणून ठेवलं, त्याचं तोंड गर्दीकडे वळवलं, माझी पिन माईकच्या भोकात सरकवली आणि मशीनचा आवाज पूर्ण चढवला.

लोकांना त्यांचंच "बोला" ऐकू आलं. जे त्यांच्या तोंडून निघालं ते मी ऐकलं, मी ऐकलेलं भावाने सांगितलं, भावाने सांगितलेलं मी पुन्हा ऐकलं. शब्द शब्दावर चढत गेले. मग त्यांत शब्द राहिलेच नाहीत. एक किंकाळी उरली. ती कुणाच्याही गळ्यातून आली नव्हती आणि ती थांबायचं नाव घेत नव्हती. लोकांनी कानांवर हात दाबले. कोण टोपीवाला आणि कोण मफलरवाला ते कळेना, कारण सगळ्यांची तोंडं सारखीच वाकडी झाली होती.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी तणतणत पुढे आलं. "ताई! अगं ए ताई, बंद कर की ते! कान फुटायची वेळ आली!"

त्या काकू होत्या.

ताईने पिन उपसली. चौक एकदम रिकामा वाटला. ती दारात उभी राहून काकूंकडे पाहत होती. मग तिने नेहमीच्या आवाजात विचारलं, "आवाज येतोय ना मागे?"

"येतोय गं बाई, येतोय," म्हणत काकू रडू लागल्या.

निकाल लागला. अर्धा चौक नाचला आणि अर्धा चौक मान खाली घालून घरी गेला. तो काय लागला ते तुम्ही पुस्तकात वाचालच. मला त्या संध्याकाळचं दुसरंच आठवतं. ताईने माझी पिन पुन्हा माईकच्या भोकात टाकली नव्हती. पण त्या दोघी माझ्याच खांबाला टेकून बसल्या होत्या, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"'माझी कुठली मैत्रीण' असं म्हणालात ना, काकू?" ताई म्हणाली. "हा कर्णा ऐकतो. मी ऐकलं."

काकू म्हणाल्या, "भीती वाटली गं. चार जण उभे होते."

"माहीत आहे. त्या चौघांचंही मी ऐकलंय."

"मग जाऊ नकोस ना. आज मारली की नाही मी हाक? सगळ्यांसमोर मारली!"

"मारलीत. फार बरं वाटलं." ताईने काकूंचा हात हातात घेतला. "पण आता मला सगळ्यांचे दोन दोन आवाज ऐकू येतात हो, काकू. पिन काढली तरी येतात. तुमचेसुद्धा."

सकाळी ती गेली. माझ्या भावाला आणि मशीनला बरोबर नेलं. काकूंनी हट्टच धरला म्हणून मला खांबावर राहू दिलं, पण माझी तार मात्र तोडली. तेव्हापासून मला कुणी पुसलं नाही, रंग दिला नाही. खाली लोक अजून सावलीला थांबतात. टोपीवाले म्हणतात, "ताई आपलीच होती हो." मफलरवालेही तेच म्हणतात. आता सगळे तिला पुन्हा ताई म्हणतात.

मित्रांनो, मला रंग द्या, माझ्या तोंडातल्या काड्या काढा, असं काही मी तुमच्याकडे मागणार नाही. चिमण्यांचं बरं चाललं आहे. माझी विनंती एकच आहे. ज्या माणसाला तुम्ही रोज ज्या नावाने हाक मारता, त्याच नावाने चार जण उभे असतानाही हाक मारा. तार जोडलेली आहे तोवर मारा.

दुपारी गर्दी पांगली की काकू एकट्याच माझ्याखाली येऊन उभ्या राहतात. हातात न उघडलेला डबा असतो. त्या मान वर करतात, इकडे तिकडे पाहतात आणि हळू आवाजात विचारतात, "हॅलो, ताई? तू माझी मैत्रीण आहेस गं. आवाज येतोय का?"

माझा पडदा थरथरतो. तुटलेली तार थोडी हलते. काकूंना वाटतं, ती ऐकते आहे.

मी त्यांना काही सांगू शकत नाही.