पुढून चार बोटे जास्त

माणूस तोंडाने काहीही सांगो, खरे काय ते टेप सांगते, असे मास्तरांचे ठाम मत होते. आणि हे मत ते आपल्या शिवणाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याने विचारलेले नसतानाही, सप्रमाण सिद्ध करून दाखवीत. समोरच्या बेकरीवाल्याची कंबर अचानक बारीक झाली तेव्हा त्याचे लग्न ठरणार, हे त्यांनी त्याच्या आईच्या आधी ओळखले होते. औषधवाल्याचा उजवा खांदा उतरलेला दिसला, तेव्हा त्याने हमाल काढून टाकला असून खोकी आता तो स्वतःच उचलतो, हे त्यांनी कोटाच्या पहिल्या फिटिंगलाच सांगितले होते. अंदाज चुकतही असत, नाही असे नाही. परंतु चुकलेल्या अंदाजाला मास्तर अंदाजच मानीत नसत, त्यामुळे त्यांची कीर्ती त्यांच्यापुरती तरी निष्कलंक होती.

अशा माणसाच्या घरात राहून काही लपवायचे म्हणजे मोठेच धाडस. आणि बारकी काहीतरी लपवीत होती.

बारकी ही मास्तरांची धाकटी बहीण. चाळिशी ओलांडली तरी तिचे नाव बारकीच राहिले. नवरा वारल्यापासून ती दुकानावरच्या खोलीत एकटी राही आणि खाली येऊन हातशिलाई करी. काजे, लेस, चुण्या, जे जे यंत्राला नजाकतीने जमत नाही, ते ते तिच्याकडे. यंत्र मास्तरांची बायको चालवी. कापड बेतायचे आणि कापायचे ते मात्र मास्तरांनीच. मोठ्या कात्रीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मग कापड घरातल्याच माणसाचे का असेना.

एका दुपारी मास्तर बाहेरून आले, तेव्हा बारकीने एक जाडसर पाकीट चटकन इस्त्रीच्या चादरीखाली सरकवले.

"काय आहे गं ते?"

"काही नाही."

खरोखर काही नसते तेव्हा माणूस 'कुठे काय?' असे विचारतो. 'काही नाही' असे ठामपणे सांगतो तेव्हा हमखास काहीतरी असते, असा मास्तरांचा सिद्धान्त होता. म्हणून ती रेशमाची रिळे आणायला बाहेर पडताच त्यांनी चादर उचलली. पाकिटात कागदी साचा होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, इंग्लंडच्या एडवर्ड राजाच्या काळात, बायका लांब स्कर्टवर घालीत असत त्या ब्लाउजचा. मूळ साच्यावरून हुबेहूब पुन्हा छापलेला. पाकिटावर दोन चित्रे होती. समोरून पाहिले तर उंच ताठ गळपट्टी, लांब बाह्या, छातीवर बारीक चुण्या. पाठीमागून पाहिले तर मानेपासून कंबरेपर्यंत इवल्या इवल्या बटणांची ओळ.

मास्तरांची नजर त्या ओळीवर खिळली. त्यांनी आपला डावा हात वरून आणि उजवा खालून पाठीमागे नेऊन पाहिला. बोटांची भेट काही झाली नाही.

"पाठ खाजवून देऊ का?" दारातून बायकोचा आवाज आला.

"थट्टा पुरे. मला एवढंच सांग, एकटी राहणारी बाई पाठीवर बटणं असलेला ब्लाउज कशाला शिवेल?"

"छान दिसतो म्हणून."

"लावणार कोण ती बटणं?"

"अहो, शाळेतल्या बाईंचा कोट या आठवड्यात द्यायचाय. त्याची बटणं तुम्ही कधी लावताय, ते आधी सांगा."

ती हसली, पण हसताना तिने नजर चुकवली, आणि तेवढे मास्तरांना पुरेसे झाले. म्हणजे हिलाही ठाऊक आहे! घरात एक तिसरा माणूस वावरतो आहे, त्याची बोटे बटणे लावण्याइतकी निवांत आहेत, आणि ज्याच्या नाकाखाली हे चालले आहे, त्यालाच तेवढा पत्ता नाही. दर गुरुवारी दुपारी बारकी 'जरा जाऊन येते' म्हणून जाई आणि दिवेलागणीला परत येई, हेही त्यांना आता आठवले. आजवर त्यांनी ते मनावर घेतले नव्हते. आता घेतले.

मास्तर बहिणीच्या सुखाच्या आड येणारे नव्हते. निदान त्यांची स्वतःविषयी तशी समजूत होती. पण ती गेली तर हातशिलाई कोण करणार, आणि संध्याकाळी यंत्र थांबल्यावर समोरच्या स्टुलावर बसून त्यांच्याशी वाद कोण घालणार, हे दोन प्रश्न त्यांच्या मनात असे गुंतून पडले होते की, त्यांपैकी कोणता अधिक टोचतो, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते.

दोन दिवसांनी बारकी स्वतःच साचा आणि पांढरेशुभ्र तलम सुती कापड घेऊन कापायच्या टेबलाशी आली.

"दादा, एवढं कापून दे. जपून हं. मोजून आणलंय, वर चिंधीसुद्धा उरायची नाही."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मला आवडलाय."

"मग उभी राहा, माप घेतो."

ती मागे सरकली. "माप कशाला? तुला पाठ आहे की माझं. आणि साचा माझ्याच मापाचा आहे."

माप द्यायला नको म्हणणारे गिऱ्हाईक मास्तरांनी आयुष्यात एकच पाहिले होते, आणि त्याला काही महिन्यांनी पोलिसांनी धरून नेले होते. बारकी वर गेल्यावर मास्तरांनी कापड पसरले आणि साच्याचे तुकडे त्यावर मांडले. सोबतची माहितीपत्रिका बारकीने वरच ठेवली होती; तुकड्यांवर तर एक अक्षर नव्हते, नुसती खुणेची भोके होती. पण साचा वाचायला मास्तरांना अक्षरांची गरज पडत नसे. बाही बरोबर. पाठ बरोबर. पुढचा भाग पाठीला लावून पाहिला आणि त्यांचा हात थबकला.

पुढचा भाग कंबरेपाशी लांब होता. पुरता चार बोटे लांब! शिवाय रुंदीलाही सैल, इतका सैल की त्यात आणखी काही मावावे.

मास्तरांनी उभ्या जन्मात पुढून लांब आणि पुढून सैल कपडे शिवले होते ते एकाच अवस्थेतल्या बायकांसाठी. ते स्टुलावर बसले. पाठीवरची बटणे, गुरुवारच्या दुपारी, माप द्यायची टाळाटाळ आणि आता ही चार बोटे! एकेक पुरावा सुटा असता तर त्यांनी दुर्लक्ष केले असते; पण सगळे पुरावे शिवून असा एकसंध कपडाच तयार झाल्यावर तो अंगावर घ्यायचा नाही म्हणजे काय?

सरळ विचारण्याचा विचार त्यांच्या मनात आला नाही. त्यांनी एक परीक्षा योजली. ते जादा कापड कापून टाकायचे. बारकीच्या मनात काही नसेल, तर चार बोटे कमी झाली याचे तिला सोयरसुतक असणार नाही. आणि ती कासावीस झाली, तर मग बोलायचे काही उरतच नाही. ही परीक्षा त्यांना इतकी पक्की वाटली की, कापड नाजूक आहे आणि दुसरे नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी मोठी कात्री उचलली व पुढचा भाग पाठीच्या बरोबरीने सरळ कापून टाकला.

संध्याकाळी बारकी टाचण्या लावायला बसली. पाठ झाली. पुढचा भाग उचलून तिने पाठीला लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"दादा, खालचं कापड कुठाय?"

"जास्त होतं. काढलं."

"काढलं?" तिचा आवाज चिरकला. "अरे, तुला कुणी सांगितलं होतं काढायला? आता मी काय करू?"

मास्तरांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. न्यायाधीशाने चष्मा काढावा तशी.

"कितवा महिना?"

यंत्र थांबले.

"कसला महिना?" बारकीने विचारले.

"मला बनवू नकोस. एकटी बाई पाठीवर बटणं लावते, माप द्यायला नको म्हणते, गुरुवारी कुठे जाते ते सांगत नाही आणि पोटावर चार बोटं कापड सोडते. मी काय दूधखुळा आहे?"

यंत्रामागून आधी एक हुंदक्यासारखा आवाज आला आणि मग मास्तरांच्या बायकोने शाळेतल्या बाईंच्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसले. तिचे खांदे गदगदा हलत होते. बारकी मात्र हसली नाही. ती उठली, जिना चढून वर गेली आणि माहितीपत्रिका घेऊन खाली आली. ती तिने भावापुढे उलगडली. पाकिटावर नसलेले तिसरे चित्र तीत होते, एका बाजूने काढलेले. ताठ उभी असलेली एक बाई; तिच्या ब्लाउजचा पुढचा भाग कंबरेवर आत खेचलेला आणि त्याच्यावर फुगून पुढे आलेला, पारव्याच्या छातीसारखा.

"त्या काळच्या बायकांची फॅशन आहे ही," बारकी म्हणाली. "पुढचं कापड मुद्दाम लांब ठेवायचं आणि फुगवून खाली सोडायचं. ते कापलं की ब्लाउज संपला."

मास्तर चित्राकडे पाहत राहिले. चित्रातल्या बाईच्या पोटात काही नव्हते, हे कोणत्याही कोनातून स्पष्ट होते.

"मग गुरुवारी?" त्यांनी बारीक आवाजात विचारले.

"नदीपलीकडे जुनं घर आहे ना, लोकांना बघायला ठेवलेलं? तिथे त्या काळचे कपडे घालून, त्या काळचं शिवण लोकांसमोर करून दाखवायला बाई हवी आहे. दर गुरुवारी तिथल्या बाई मला शिकवत होत्या. हा ब्लाउज मी हाताने शिवून सोमवारी दाखवायचा. पसंत पडला तर नोकरी. आणि बटणांची तुला एवढी काळजी असेल तर ऐक, तिथे दोघी असणार आहोत. एकमेकींची लावू."

"मला का नाही सांगितलंस? हिला सांगितलंस!"

"वहिनीने विचारलं. तू कधी विचारतोस? तू पुरावे गोळा करतोस." तिने कापलेला भाग त्यांच्यासमोर धरला. "माझ्या आयुष्यात कुणी आहे का, एवढंच हवं होतं ना? मग मला तोंड होतं. माझ्या कापडाला का विचारलंस?"

मास्तरांनी टेबलावरची टेप उचलून पुन्हा गळ्यात घातली.

"आणि दुकान?" शेवटी त्यांच्या तोंडून निघाले.

"संध्याकाळी येऊन हातशिलाई करीन, असं ठरवलं होतं. आता काही ठरवलेलं नाही."

मास्तरांनी कापलेला तुकडा परत जोडून देऊ केला. जोड ऐन फुगवट्यावर येईल आणि बाईंना पहिल्या नजरेत दिसेल, असे तिने सांगितले, आणि ते खरे होते. मग ते काचेच्या कपाटाकडे गेले आणि पांढऱ्या लेसची गुंडाळी घेऊन आले. बारकीने ती हातात घेऊन उजेडात उलटसुलट पाहिली. आपण खोट्या नाण्याकडे असेच पाहतो, हे मास्तरांच्या लक्षात आले.

"ही आता कशाला?"

"छातीवर आडवं कापायचं आणि मधे लेस बसवायची. एकेक पट्टी एकेक बोटाची. चार पट्ट्या घातल्या की लांबी पुरी होते. त्या काळात अशी लेस घालत असतील ना?"

"घालत." तिने गुंडाळी टेबलावर ठेवली. "म्हणजे पुन्हा कापायचं?"

"कापायला तर लागेलच."

"कात्री इकडे दे."

मास्तरांनी बायकोकडे पाहिले. बायकोने यंत्राकडे पाहिले. मास्तरांनी कात्री दिली आणि कापड हलू नये म्हणून त्याची दोन्ही टोके धरून उभे राहिले. बारकीची कात्री सरळ चालत होती, न अडखळता, धाग्याच्या रेघेवरून. ती अशी चालते हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक होण्याची वेळ त्यांनी कधी येऊच दिली नव्हती. संपूर्ण वेळ ती कापडाकडे कमी आणि त्यांच्या हातांकडे जास्त पाहत होती.

सोमवारी ती ब्लाउज घेऊन गेली आणि दुपार कलल्यावर परतली. दुकानात न डोकावता सरळ वर गेली.

"पावलं हलकी पडली," मास्तर छताकडे पाहत म्हणाले. "म्हणजे पसंत पडला. पण दार जोरात उघडलं. म्हणजे राग आहे. म्हणजे संध्याकाळी काही ती येणार नाही. शिवाय सकाळी जाताना तिने स्वतःची सुईदाणी—"

"अहो," बायको यंत्र न थांबवता म्हणाली, "वर जा आणि विचारा."

मास्तर वर गेले. दार उघडे होते; बारकी खिडकीशी बसून पायांतले बूट काढीत होती.

"झालं का काम?"

"झालं. लेसचं तर त्यांनी कौतुक केलं. पुढच्या आठवड्यापासून जायचं."

"बरं झालं." ते चौकटीला धरून उभे राहिले. पुढचे वाक्य उच्चारायला त्यांना कष्ट पडले. "संध्याकाळी येशील का खाली?"

बारकीने दुसरा बूट काढला. "येईन. पण हातशिलाईला नाही."

"मग?"

"बेतायला."

मास्तरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, हे त्यांनाच कळले नाही. ते जिना उतरू लागले. बेतायलाच का? हे खूळ वहिनीचे की त्या नदीपलीकडच्या बाईंचे? उद्या स्वतःचे दुकान थाटायचे म्हणून आज हात बसवून घेते आहे की काय? परवा कात्री हातात घेतली तेव्हा ती अजिबात दबकली नाही. म्हणजे सराव आधीपासून चालू असणार. एकेक पुरावा पुढे येऊन आपापल्या जागी बसू लागला, आणि मास्तर अर्ध्या जिन्यात कठड्याला धरून थांबले.

मग ते वळले, पुन्हा वर गेले आणि उघड्याच दारावर त्यांनी टकटक केली.

"आता काय?"

"बेतायला का," मास्तर म्हणाले, "ते विचारायचं राहिलं."