माझ्या जाळीत न अडलेली धूळ

मित्रांनो, माझं पितळ आता काळवंडलं आहे आणि जाळी एका कडेला फाटली आहे. पण मी पिठाची चाळणी नव्हे. बेळगावच्या एका ओतकाम कारखान्यात, जिथे वाळूच्या साच्यांत वितळलेलं लोखंड ओततात, मी वाळूची परीक्षा करत असे.

१९७४ साली आम्ही बहिणी तिथे आलो. मोठ्या भोकांची सर्वांत वर, मग तिच्याहून बारीक, आणि सर्वांत खाली मी. प्रयोगशाळेतले आण्णाप्पा वाळलेली वाळू वर ओतायचे, आम्हाला हलवायचे आणि प्रत्येकीत किती वाळू अडली ते तोलायचे. वाळू फार बारीक असली, तर साच्यातली वाफ कोंडून लोखंडात भोकं पडतात. जाड असली, तर माल खरबरीत निघतो. आमच्यामुळे माल चांगला निघे. कारखान्याचे साहेब पाहुण्यांना आम्हाला कौतुकाने दाखवत.

तपासायची वाळू आण्णाप्पांची बायको मालुबाई आणून देई. ती जवळच्याच हिंडलगा गावची. दिवसभर कोरडी वाळू चाळणं हे तिचं काम. काही वर्षांनी तिला खोकला लागला.

“नाकाला पदर बांध गं,” आण्णाप्पा म्हणाले.

“बांधलाय की. पदरातनं बी आत जातंय ते.”

एके दिवशी त्यांनी तिच्या जागेजवळच्या खिडकीतली धूळ माझ्यात टाकली. हलवताच ती सगळी खाली गेली. आण्णाप्पा माझ्या रिकाम्या जाळीकडे बघत बसले.

मालुबाईला तपासणारे डॉक्टरही तेच म्हणाले. इतके बारीक कण नाकात, घशात अडत नाहीत. ते फुप्फुसात जाऊन बसतात.

आण्णाप्पा साहेबांकडे गेले. “वाळूवर पाणी मारून चाळू द्या, साहेब. लई धूळ उडतीया.”

“बघू,” साहेब म्हणाले.

दिवाळी गेली. मालुबाईला चार पावलं चालवेना, तरी ती कामावर येत राहिली. उन्हाळ्यात ती गेली.

तिचं बारावं उरकून आण्णाप्पा परतले, तेव्हा सरकारी तपासणी येणार म्हणून मालुबाईच्या जागेजवळ नळ बसवला होता. बायका पाणी शिंपडून वाळू चाळत होत्या. धूळ उडत नव्हती. आण्णाप्पा नळाखाली हात धरून उभे राहिले. त्यांना कुणी हाक मारली नाही.

मित्रांनो, पुढे मी फाटले, अडगळीत पडले. त्याचं दुःख नाही. पण तुमच्या घरचं कुणी धुळीत राबत असेल, तर खोकल्याची वाट बघू नका. मालुबाईसाठी आण्णाप्पांनी फक्त पाणी मागितलं होतं.