थोरलीची साक्ष

थोरल्या जावेला बोलायला आवडायचं, आणि ती बोलायचीही छान. चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, कोणी उठलं नाही की पाळकांची नजर आपोआप तिच्याकडे वळे. संडे स्कूलची मुलंही तिच्यापुढे चिडीचूप बसत.

तिचा नवरा आणि धाकटा दीर एकाच लाकूडगिरणीत कामाला होते. त्या आठवड्यात करवतीचा पट्टा तुटला आणि ओंडका आडवा फिरला. थोरला तेलाचा डबा घ्यायला मागे वळला होता, म्हणून सुटला. धाकट्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

रविवारी पाळकांनी विचारलं, "कोणाला देवाचे आभार मानायचे आहेत?"

धाकटी जाऊ हॉस्पिटलमध्ये असेल, असंच थोरली धरून चालली होती. शेजारी धडधाकट बसलेल्या नवऱ्याकडे पाहून तिला भरून आलं. ती उठली. आधी दिरासाठी प्रार्थना मागितली आणि मग जीभ सैल सुटली.

"जो प्रभूवर भरवसा ठेवतो, त्याच्या केसालाही तो धक्का लागू देत नाही. ऐन वेळी त्यानेच माझ्या माणसाला मागे वळवलं."

मंडळी "आमेन" म्हणाली. नवरा मात्र मान खाली घालून बसला होता. का, ते थोरलीला दाराकडे पाहिल्यावर कळलं. धाकटी तिथे उभी होती, हॉस्पिटलमधून तशीच आलेली, हातात रिकाम्या डब्याची पिशवी. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर धाकटी गुमान भांडी घासायला लागली.

"अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं," थोरली म्हणाली.

"मग कसं म्हणायचं होतं, ताई?" धाकटीने मान वर केली नाही. "आमचा भरवसा कमी पडला असेल. किती लागतो तेवढं सांगून ठेवा."

थोरली म्हणाली, "पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभी राहते. माझं चुकलं म्हणते."

"नको. तुम्हाला हलकं वाटेल आणि लोक माझ्याकडे वळून बघतील. आमच्या हाताची गोष्ट परत चारचौघांत नको."

माफी मागायलाही आपल्याला उभंच राहायचं होतं, हे थोरलीच्या ध्यानात आलं आणि ती आणखीच ओशाळली. तिने फडकं घेतलं आणि घासलेली भांडी पुसू लागली. धाकटी पुढचं भांडं घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन थोरली हॉस्पिटलमध्ये गेली. दीर मुळातच थट्टेखोर. "या वहिनी. डाव्या हाताने दाढी करायला शिकतोय. गाल शिल्लक राहिले तर पुढचं बघू."

तिला हसू आलं नाही. "भाऊजी, माझं बोलणं तुमच्या कानावर आलं असेल."

"आलं." त्याने डाव्या हाताने डबा बाजूला सारला. "वहिनी, खरं सांगा. दादाला वळवलं, मग मला का नाही?"

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. हे तिने आजवर कोणाला, लहान पोरालासुद्धा, म्हटलं नव्हतं.

"मलाही नाही. राग येतो देवाचा. पण तो राग सांगायलाही त्याच्याकडेच जातो. तो चांगला आहे असं मनातून वाटत नसतं, तर भांडत बसलो असतो का? केव्हाच तोंड फिरवलं असतं."

पुढच्या रविवारी पाळकांनी विचारलं तेव्हा थोरली बसून राहिली. त्यांची नजर आली, तिने पायांकडे पाहिलं.

धाकटा घरी आला त्या दिवशी सगळे एकत्र जेवायला बसले. थोरल्याने त्यालाच प्रार्थना करायला सांगितलं. थोरलीने सवयीने हात जोडले आणि समोर पाहिलं. त्याचा डावा हात टेबलावर पालथा पडला होता. स्वतःचे दोन्ही हात तिला चोरीच्या मालासारखे वाटले. ती ते खाली घेऊ लागली.

"जोडा वहिनी," तो हळूच म्हणाला. "आहेत ते." मग त्याने डोळे मिटले. "प्रभू, हाताबद्दल तुझ्याशी माझं बोलणं संपलेलं नाही. ते होईल. तू ऐकशील, एवढं धरून चाललोय. या अन्नाबद्दल आणि या माणसांबद्दल आभार."

"आमेन," धाकटी म्हणाली. थोरलीने ओठांतल्या ओठांत म्हटलं.

धाकटीने नजरेला नजर न देताच एक वाडगा तिच्यापुढे सरकवला. "घ्या ताई. गार होतंय."